मावशी, एवढा एक जीव सांभाळ

ती. स्व. मावशीस,


शनिवारी दादाबरोबर एक पांढरा कोंबडा तुझ्याकडे येतोय. फोनवर तू लगेच ‘पाठव’ म्हणालीस. तरी त्याची हकीकत आणि माझं मागणं सविस्तर लिहून कळवावं असं वाटलं.

हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. कुणाचा, ते कुणी सांगेना. दिसतो मात्र लेगहॉर्न जातीचा. ही जात अंड्यांसाठी पाळतात. उबवणी केंद्रात पिल्लं बाहेर आली की लगेच नर-मादी वेगळे करतात. नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखं झटपट मांसही धरत नाही, म्हणून धंद्याला त्याचा उपयोग नसतो. असंख्य नर पिल्लं जन्मताच मारली जातात. काही गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून जत्रेत, रस्त्यावर मुलांना खेळायला विकतात. त्यांतली बरीच उबेवाचून मरतात. जे जगतं त्याचा रंग पिसं बदलताना जातो, तुरा वाढतो, आणि ते आरवू लागलं की घराला नकोसं होतं. याचंही असंच झालं असावं.

आरवणं काही दटावून थांबत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की सतत अंधुक उजेडात ठेवलेला कोंबडाही काही दिवस साधारण पहाटेच्याच सुमारास आरवत राहतो. ते घड्याळ त्याच्या शरीरातच असतं. म्हणजे त्याची जागा बदलणं हाच उपाय.

दिवसा तो हाती लागेना. अंधार पडल्यावर कोंबडं शांत बसतं, तेव्हा अंगावर चादर टाकून धरला. पण खरी अडचण पुढे आली. कोंबडी कुणीही आनंदाने ठेवून घेतं. कोंबडा मागायला आले ते बहुतेक रश्श्यासाठी. एकाला झुंजीसाठी हवा होता. प्राण्यांची झुंज लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. भुकेने-तहानेने हाल होतील असं जनावर सोडून देणंही त्याच कायद्यात बसतं.

म्हणून मावशी, स्पष्टच मागते. हा कापायचा नाही. गटारीला नाही, राखणीला नाही, मुंबईचे पाहुणे आले तरी वड्यांबरोबर नाही. राखणदाराला कोंबड्याचा मान आपल्या घराने पिढ्यान्‌पिढ्या दिलाय, तो मोडा असं मी म्हणत नाही. एवढा एक जीव त्यातून वगळ, आणि काकांनाही सांगून ठेव. असा शब्द नसेल तर कोंबड्याला घर मिळालं असं म्हणता येत नाही.

आल्या आल्या तुझ्या कोंबड्यांत सोडू नकोस. दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेव. मानमोडीचा रोग घेऊन आला तर सगळं खुराडं बसेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यावरच्या लशीचं तेवढं विचारून घे. पिसांत उवा आहेत का, पायाची खवलं उचलली आहेत का, तेही बघ. मग चार दिवस खुराड्यातच कोंडून कणी-पाणी दे, म्हणजे संध्याकाळी परत तिथेच येईल. पांढरा असल्याने घारीच्या नजरेत पटकन भरेल, तेव्हा परसात झाडोऱ्याच्या आडोशाला चरू दे.

मुंगसाने तुझा कोंबडा नेल्यापासून तुझ्या कोंबड्यांना कुणी नाही. हा त्यांच्या कामाला येईल. कोंबड्याला दाणा दिसला की तो आधी आवाज देऊन कोंबड्यांना बोलावतो. आकाशातल्या शिकाऱ्यासाठी त्याची हाक वेगळी, जमिनीवरच्यासाठी वेगळी. पिल्लं हवी असतील तर अंडी तुझ्या गावठी खुडूक कोंबडीखाली ठेव, एकविसाव्या दिवसाच्या आसपास फुटतील. त्यात नर निघतील, त्यांचं काय करायचं ते आधीच ठरव. ठरत नसेल तर अंडी उबवायला ठेवूच नकोस.

आणखी एक काम कर. गावच्या जत्रेत रंगीत पिल्लांची टोपली आली, तर वाडीतल्या आयांना एवढं सांग, की पोरांनी कितीही हट्ट केला तरी पिल्लू विकत घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर टोपली येणार नाही.

तुझी भाची