मुंग्यांची वाट

ज्येष्ठ सरत आला, की बऱ्हाणपुरातील जुन्या घरांत मुंग्यांचे स्थलांतर सुरू होते. भिंतीच्या सांध्यातून इवलीशी पांढरी ओझी तोंडात धरलेली रांग निघाली, की आई म्हणे, "पाऊस दाराशी आला." त्या ओझ्यांना आपण अंडी म्हणतो, पुष्कळदा ते कोश असतात. कुंडी भंडाऱ्याचे बोगदे 1615 सालचे. आमच्या हातभर रुंद भिंतीतील बोगदे त्याहून जुने नसले, तरी कमी गुंतागुंतीचे खचितच नसावेत.

आईचे मुंग्यांशी वागणे दुपदरी होते. तिचे माहेर तापीच्या खालच्या अंगाला, मुक्ताईनगरकडचे. मुक्ताबाईंनी जिच्यावर कूट अभंग रचला, ती मुंगी पायाखाली येऊ नये, एवढी दक्षता ती घेई. रोज सकाळी तुळशीपाशी चिमूटभर कणीक-साखर ठेवी. घरात मात्र सक्त मज्जाव. जाळीच्या फडताळाचे चारही पाय पाण्याच्या पितळी वाट्यांत उभे असत. भेगांत हळद, ओट्यावर लिंबाचा रस, डब्यांत कापराची पुरचुंडी. दराब्याच्या डब्याला मुंग्या लागल्याच, तर तो उघडून उन्हात ठेवायचा. घटकाभरात त्या आपण होऊन निघून जात.

पुढे निवृत्तीनंतर मी यामागचे शास्त्र वाचले. अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधाची रेघ ओढीत जाते आणि बाकीच्या त्या रेघेवरून येतात. हळदीने वाट अडते, मोडत नाही. तासाभरात दुसरी सापडते. साबणाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने पुसले, तर गंध जातो. पण बिळातली राणी सुखरूप असते, तोवर रांग पुन्हा येणारच. बाजारातल्या खडूने दिसतील तेवढ्या मरतात. बिळापर्यंत पोहोचते ते बोरिक पावडर घातलेले साखरेचे पाणी. तेही शंभराला एक भाग, एवढेच सौम्य हवे. जहाल झाले, तर नेणारी मुंगी वाटेतच मरते. सौम्य असले, की ती ते पोटातून नेते आणि तोंडातोंडी सर्वांना वाटते. आतिथ्यधर्माचाच असा उपयोग! वाचताना मला क्षणभर कसेसे झाले, पण तेवढेच.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी तो प्रयोग केला. प्रमाण अंदाजाने घेतले आणि हाताशी होती म्हणून फडताळाखालची एक वाटी वापरली. दुपारी चार वर्षांचा नातू त्या वाटीपाशी बसलेला दिसला. बोट तोंडात होते. पणजी त्याला तसल्याच वाटीतून साखर देत असे, हे मला ठाऊक होते. आठवले मात्र तेव्हा. त्याचे तोंड धुतले, पंपावरून येणारी रिक्षा थांबवली, दवाखाना गाठला. पोटात गेले ते थेंबभर असावे, भीतीचे कारण नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तरी ती रात्र घरात कोणी झोपले नाही. सून मला एका शब्दाने बोलली नाही, हे अधिक लागले. 'घरगुती' या शब्दावर मी भाबडेपणाने विसंबलो होतो.

उपाय लागू पडला, हेही सांगितले पाहिजे. आठवड्यात रांग थांबली. तुळशीपाशीची कणीकही तशीच राहिली. ती कोणी न्यायला आले नाही.

त्यानंतर बोरिक पावडर घरात आणली नाही. भेगा चुन्याने बुजवल्या, ओटा रात्री साबणाने पुसून घेतो. वाट्या पुन्हा फडताळाखाली आहेत. डेंग्यूच्या डासांमुळे पाणी दर आठवड्याला बदलावे लागते, आणि नाही बदलले, तर वर धुळीची साय धरते. यंदा मी चार दिवस विसरलो. त्या सायीवरून एक काळी मुंगी निवांतपणे पलीकडे गेली. नातू आता मोठा आहे. त्याने मला हाक मारली नाही. दराब्याचा डबा उचलून अंगणात, उन्हात नेऊन ठेवला.