८९१.४६

"लायब्ररी टेक्निशियन? म्हणजे पुस्तकं रॅकवर लावायची?" आत्याने विचारलं, मामाने विचारलं, आणि इथल्या मंडळाच्या गणपतीत तर मोदक वाढता वाढता तिघींनी विचारलं. एकीने पुढे "इतकं शिकून?" असंही जोडलं. म्हटलं, एकदाच लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल :)

तर मंडळी, कॅनडात लायब्रेरियन व्हायला मास्टर्स लागतं. टेक्निशियनसाठी दोन वर्षांचा डिप्लोमा. तो मी ऑनलाइन करतेय, एका वेळी दोनच विषय घेऊन, त्यामुळे दोनाची चार वर्षं होणार. आणि पुस्तकं रॅकवर लावणारी माणसं वेगळी असतात, त्यांना 'पेज' म्हणतात (हो, पानच!). टेक्निशियन काउंटरवर बसतो, दुसऱ्या गावच्या लायब्ररीतून पुस्तक मागवून देतो, आणि मुख्य म्हणजे पुस्तकाची नोंद करतो.

ही नोंद ऑनलाइन शिकणं जरा विचित्रच. पुस्तक हातात नसतंच. शीर्षकाचं पान आणि त्याच्या मागचं पान, एवढ्याचे स्कॅन येतात. रात्री भांडी आवरून बसायचं आणि ज्याला कधी हात लावला नाही अशा पुस्तकाची सगळी माहिती रकान्यांत भरायची. पण मागच्या सत्रात एक असाइनमेंट आली: घरातली पाच पुस्तकं घ्या. घरात काय, मराठीच!

पहिला धक्का ड्युईने दिला. या ड्युईसाहेबांनी १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले. साहित्य ८०० मध्ये. त्यात अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक अशी एकेकाला ऐसपैस खोली. उरलेलं सगळं जग ८९० मध्ये. त्यात कोपऱ्यात आपण: ८९१.४६. शेजारी बंगाली ८९१.४४, गुजराती ८९१.४७. चाळच म्हणा ना. राग आला खरा, पण गंमत म्हणजे पत्ता सापडल्याचा आनंद त्याहून जास्त झाला. असो.

खरी गोष्ट पुढेच आहे. या कोर्समधली प्रत्यक्ष जाऊन करायची एकच गोष्ट म्हणजे प्रॅक्टिकम, आणि ते मला जवळच्याच एका लायब्ररीत मिळालं. तिथे 'इतर भाषां'च्या कपाटात तीसेक मराठी पुस्तकं आहेत, बहुतेक देणगीतली. कंप्युटरवर भाषा 'मराठी' निवडली की दिसतात तीन! बाकीची हिंदीत. नोंदीत भाषेसाठी तीन अक्षरी कोड असतो. देवनागरी दिसली की कुणीतरी भाबडेपणाने 'एच आय एन' टाकून मोकळं झालेलं. शिवाय नावं रोमन लिपीत लिहायचे नियम असे, की प्रत्येक व्यंजनातला न उच्चारला जाणारा 'अ'सुद्धा लिहायचा. म्हणजे 'कुसुमाग्रज'च्या शेवटी एक जास्तीचा 'ए'. आपण बोलतो तसं टाइप करणाऱ्याला कुठून सापडणार? यावर उपाय आहे, ८८० नावाचा एक रकाना. त्यात तेच नाव देवनागरीत देता येतं. तो इथे रिकामाच होता.

उन्हाळ्यात सासूबाई सहा महिने येतात. मागच्या वेळी त्यांनी स्वतः शोधून बघितलं आणि म्हणाल्या, "इथे मराठी काही नाही गं." कपाट पंधरा पावलांवर होतं. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. सापडलं नाही की पुस्तक कुणी नेत नाही. नेलं नाही की छाटणीच्या यादीत जातं, कारण छाटताना शेवटचं कधी नेलं होतं तेही बघतात. मग "मराठीला मागणी नाही" असं कागदोपत्री सिद्धच होतं! गावात मराठी घरं कितीही असोत.

म्हणून प्रॅक्टिकममध्ये मी अर्ध्या पानाचा कागद केला, देवनागरी न येणाऱ्यांसाठी. चित्रासारखी अक्षरं ओळखायची. 'आहे' दिसलं की मराठी, 'है' दिसलं की हिंदी. 'च्या' सारखं सारखं आलं तर मराठी. 'ळ' मोठा काढून दाखवला, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका असंही लिहिलं, कारण 'ळ' कोकणीतही असतो. तिथे 'आसा' शोधायचं. आमच्या सुपरवायझर बाईंना 'ळ' फार आवडला. त्यांनी तो कागद लॅमिनेट करून कॅटलॉगिंगच्या टेबलावर चिकटवलाय.

आतापर्यंत एकोणीस नोंदी दुरुस्त झाल्यात. त्यात 'हिंदी' म्हणून बसलेलं एक कोकणी पुस्तक निघालं. त्याला ८९१.४६९ दिला, आमच्याच खोलीतला पोटमाळा!