सायकलवरचं दुसरं डोकं

शंभर किलोमीटर धावायला निघालेल्या मित्राबरोबर सायकल घेऊन जायचं ठरलं, की पहिली चर्चा सामानाची होते. बाटल्या किती, केळी किती, खारे दाणे आणि चिक्की कुठल्या कप्प्यात, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या कशा बांधायच्या. ही चर्चा हवीच. पण बहुतेकदा ती तिथेच संपते, आणि क्रीडावैद्यकाच्या बाजूने या खेळाकडे पाहताना मला अडचण दिसते ती तिथेच. दीड-दोन लिटर पाणी धावणारा आज स्वतःच्या पाठीवर नेऊ शकतो. तशी जाकिटं मिळतात. शर्यतीत संयोजकांची टेबलं असतात, रस्त्यावर टपऱ्या असतात. पाठीवर नेता येत नाही आणि टपरीवर मिळत नाही, ते म्हणजे न थकलेलं दुसरं डोकं. सायकलवरच्या सोबत्याचं खरं काम ते पुरवण्याचं आहे. तो हमाल नाही. तो धावणाऱ्याची स्मरणशक्ती आणि तारतम्य वाहून नेतो. हे मान्य केलं, तर सायकल कुठे चालवायची, काय लिहून ठेवायचं, कधी बोलायचं आणि कधी थांबवायचं, या सगळ्याची उत्तरं बदलतात.

धावण्याला साधारणपणे दर किलोला, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला शंभर किलोमीटरसाठी सहा हजार. यकृत आणि स्नायूंत मिळून साठवलेली साखर जेमतेम दोन हजारांची. बाकीचं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून भागवायचं. पण धावताना आतड्याकडचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, त्यामुळे तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पचवणं हेही अनेकांना जड जातं. साखर घटली, अंग तापलं, झोप साठली, की पायांआधी निर्णयशक्ती घसरू शकते. आणि ती घसरली आहे हे ओळखायचं साधन तीच निर्णयशक्ती असते. 1896च्या अथेन्स ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक धावला. आठशे आणि पंधराशे मीटर तो त्याच ऑलिंपिकमध्ये जिंकला होता, पण इतका लांब पल्ला त्याने कधी धावलेला नव्हता. ब्रिटिश वकिलातीतला एक माणूस त्याच्यासोबत सायकलवर होता. शेवटच्या टप्प्यात फ्लॅक कोसळू लागला, तेव्हा सावरायला आलेल्या माणसालाच त्याने ठोसा मारला, अशी हकिकत सांगितली जाते. मदत आणि हल्ला यांतला फरक कळेनासा झालेला मेंदू पुढच्या चार किलोमीटरचा निर्णय घ्यायला लायक नसतो. तो निर्णय दुसऱ्या कुणी तरी घ्यावा लागतो.

मात्र दुसरं डोकं म्हणजे आपोआप शहाणं डोकं नव्हे, आणि हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. 1904च्या सेंट लुइस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्स जिंकला तो मदतनिसांच्या हातून स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी घेऊन. प्यायला पाणी मात्र त्यांनी त्याला दिलं नाही. नुसतं तोंड ओलं केलं. बत्तीस जण सुटले आणि चौदा पोचले, अशी ती शर्यत. पुढे 1908च्या लंडन ऑलिंपिकच्या मॅरेथॉनच्या नियमांत धावपटूने औषधी द्रव्य घेऊ नये असं स्पष्ट लिहावं लागलं. सोबत्याला मित्राच्या जिवापेक्षा निकाल प्यारा झाला, की काय होतं ते सेंट लुइसने दाखवलं. उलट टोकाची चूक मायेपोटी होते: पाज, आणखी पाज. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी 1985 साली लांब पल्ल्याच्या धावपटूंमधली पाणी जास्त झाल्याची प्रकरणं नोंदवली. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 जणांपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम खाली गेलेलं आढळलं, आणि वाटेत वजन वाढलेल्यांत हा धोका ठळक होता. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ ही लक्षणं पाणी कमी पडलं तरी दिसतात आणि जास्त झालं तरी दिसतात. घड्याळाचा पट्टा रुतू लागणं, बोटं फुगणं हे इशारे पाणी जास्त झाल्याकडे बोट दाखवतात, पण खात्रीचे नाहीत. अशा वेळी डॉक्टरला सर्वांत जास्त उपयोगी पडते ती सोबत्याची वही. किती वाजता किती प्यायलं, मीठ गेलं का, लघवी कधी झाली, उलटी कधी झाली. दहा तासांपूर्वीचं धावणाऱ्याला आठवत नाही. वही नसलेला सोबती प्रेमळ असेल. पण गरजेच्या क्षणी त्याच्याजवळ फक्त अंदाज असतो.

मग गाडी का नको? गाडीत बर्फ मावतो, सुके कपडे मावतात, माणूस आडवा करता येतो. 1980 साली टेरी फॉक्सने एका कृत्रिम पायावर कॅनडात 143 दिवसांत पाच हजारांहून अधिक किलोमीटर कापले ते मित्र डग अल्वर्ड चालवत असलेल्या व्हॅनच्या आधारावर. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात झोपायची जागाही बरोबर न्यावी लागते, तिथे गाडीला पर्याय नाही. पण एका दिवसाच्या, एका रात्रीच्या पल्ल्याला गाडीची पद्धत अशी असते की ती पाच किलोमीटर पुढे जाऊन थांबते. धावणारा तिला दुरून पाहतो, खांदे सरळ करतो, ठीक आहे म्हणतो आणि पुढे जातो. मधला अर्धा तास कुणी पाहिलेला नसतो. सायकलवरचा माणूस तो अर्धा तास पाहतो: पाऊल एका बाजूला ओढू लागलेलं, बोलणं एकेका शब्दावर आलेलं, चढावर हात गुडघ्यांवर गेलेले.

अर्थात हे सोपं नाही. संशोधकांच्या गणितातली प्रमाण सायकल स्वाराविनाही स्वतःचा तोल सावरते ती साधारण ताशी पंधरा ते बावीस किलोमीटर वेगात. धावणाऱ्याच्या आठ-नऊच्या वेगाला हँडल सतत हलवत तोल राखावा लागतो. हलका गिअर लागतो, आणि पायांवर जोर नसल्याने सगळा भार बैठकीवर येतो. मेहनतही धावणाऱ्याच्या मानाने फारच थोडी, त्यामुळे पहाटे स्वार कुडकुडत असतो आणि शेजारचा घामाने निथळत असतो. सोबत्याने स्वतःच्या अंगावरून मित्राची थंडी-उष्णता ओळखू नये. रात्री बरोबर मागे राहिलं, तर दिव्याने धावणाऱ्याची सावली त्याच्याच पुढच्या पावलावर पडते. म्हणून जागा बाजूला, थोडी मागे. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. चालणाऱ्या-धावणाऱ्याने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उजव्या कडेने जावं हे शहाणपणाचं, आणि सायकलने डावीकडून जावं हा नियम. दोघं सोबत जायचे तर दोघांनीही डावी कडा धरावी लागते. मग मागून येणाऱ्या वाहनाला आधी सायकलचा लाल दिवा दिसला पाहिजे, म्हणजे स्वार रस्त्याच्या बाजूला आणि धावणारा कडेला. जिथे दोघांना पुरेशी कडा नाही, अशा घाटात स्वाराने पुढे जाऊन वळणापलीकडे उतरून उभं राहावं.

न्यायाचा प्रश्न उरतो. स्पर्धेत भाग न घेणाऱ्याने वेग धरून देणं हे जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमांत मदत मानतात. 2019 साली व्हिएन्नात एलिउड किपचोगेने 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं. तिथे वेग धरणारे धावपटू आळीपाळीने आत येत होते आणि पाणी सायकलवरून हातात मिळत होतं, म्हणून तो विक्रम म्हणून धरला गेला नाही. हे योग्यच झालं. पण तिथे सेकंदांचा हिशोब होता. वाऱ्याआड धावण्याचा फायदा मोजायचा तर संशोधक पग यांचे 1971चे प्रयोग आहेत: सेकंदाला सहा मीटर वेगात, म्हणजे ताशी साडेएकवीस किलोमीटरला, हवेच्या विरोधावर खर्च होणारी शक्ती सुमारे साडेसात टक्के निघाली. हा विरोध वेगाच्या वर्गाने घटतो. ताशी नऊ किलोमीटरला, वारा नसताना, तो एक टक्क्याच्या जवळपास उरतो. समोरून वारा असेल तर मात्र आडोसा नक्की मिळतो, म्हणून सोबत्याने पुढे राहू नये एवढा नियम पुरे. स्वित्झर्लंडमधल्या बीलची शंभर किलोमीटरची शर्यत 1959पासूनची, रात्री दहाला सुटणारी. तिने सायकलवरचा सोबती उघडपणे मान्य केला. पारंपरिक मार्गावर तो सुरुवातीपासून नसतो. लिस या गावापासून, वीसेक किलोमीटरनंतर, गर्दी पांगल्यावर तो येऊन मिळतो. सर्वांना एकच मुभा असली की अन्यायाची तक्रार राहत नाही.

त्याहून खोल आक्षेप स्वावलंबनाचा आहे: एकट्याने करायची गोष्ट सोबतीने पातळ होते. यात तथ्य आहे. बीलच्याच पारंपरिक मार्गावर एमे नदीच्या बांधावरची मुळं-दगडांची अंधारी वाट आहे, धावपटूंनी तिला हो चि मिन्ह वाट असं नाव दिलं. तिथे सायकलींना मज्जाव. स्वार वळसा घालून पुढे भेटतात. अर्धा पल्ला ओलांडल्यावर धावणारा पुन्हा एकटा पडतो. मला ही रचना फार मोलाची वाटते. सोबतीमुळे पाय दुसऱ्याचे होत नाहीत, शंभरच्या शंभर किलोमीटर स्वतःलाच धावावे लागतात. सोबत्याने सतत बोलत राहू नये, वेग सांगत राहू नये, न मागता उत्साह देऊ नये. गप्प राहून पाहणं हे या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे.

एका सायकलवर दोन धावणाऱ्या मित्रांचा भार असेल, तर आधी गणित मांडावं. दोघं ताशी आठने धावतात, अंतर पडलं दोन किलोमीटरचं, सायकल ताशी अठराने. पुढच्याकडून मागच्याकडे यायला पाच मिनिटं पुरतात, कारण तो समोरून येत असतो; परत पुढच्याला गाठायला बारा. अंतर पाच किलोमीटर झालं की एका फेरीला चाळीस मिनिटांहून जास्त लागतात. उष्माघाताच्या दृष्टीने चाळीस मिनिटं खूप आहेत. शरीराचं तापमान चाळीस अंशांवर गेलं आणि माणूस बरळू लागला, की आधी थंड पाण्याने अंग गार करायचं आणि मग हलवायचं, असा आजचा दंडक आहे. त्यातलं प्रत्येक मिनिट मोलाचं. म्हणून दोघांमध्ये दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं, तर सायकल मागच्याबरोबर राहील हे सुटण्याआधीच ठरवावं, आणि पुढच्याने ते मनाला लावून घेऊ नये.

असंच आधी ठरवायचं ते थांबण्याबद्दल. ठरवताना दोघांचीही डोकी ताजी असतात, म्हणून तो करार वाटेतल्या हट्टापेक्षा वरचा मानावा. अडुसष्ट झाले, किती राहिले, हा प्रश्न दोनदा चुकला. सरळ रेषेत चालता येईना. लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद झाली: यांतलं काहीही दिसलं की सायकल आडवी लावायची. शेवटच्या रेषेनंतरही सोबत्याचं काम संपत नाही. रेषेआधी कोसळणं बहुधा गंभीर असतं. रेषेनंतर थांबताच येणारी भोवळ मात्र बऱ्याचदा रक्त पायांत साठून रक्तदाब उतरल्याने येते. पाठीवर निजवून पाय कॅरियरच्या पिशवीवर उंच ठेवले की काही मिनिटांत माणूस सावरतो. सावरला नाही, किंवा असंबद्ध बोलू लागला, तर वहीसकट डॉक्टरकडे. सावरला, तर कपडे बदलून, मीठ घातलेली पेज पाजून, पहिली लघवी कधी झाली ती वेळ लिहायची आणि मगच वही मिटायची.