राखडीचा अभ्यास

खापरखेड्यात ऋतू ओळखायचा तो वाऱ्यावरून. पावसाळ्यात राखड बसते. थंडीत ती धुक्यात मिसळून दारापर्यंत येते. फाल्गुन सरता सरता वारा मोकाट सुटला, की वारेगावच्या राख बंधाऱ्यावरून उठते आणि मिळेल तिथे बसते: आंब्याच्या मोहरावर, तुळशीच्या पानांवर, दोरीवरच्या ओल्या धोतरावर. इथल्या बाया वाळवण घालतात ते वरून जुनं लुगडं पांघरूनच.

ही राखड थर्मलची, म्हणजे इथल्या औष्णिक वीज केंद्राची. 210 मेगावॉटचे चार संच आणि 500चा पाचवा, मिळून 1340 मेगावॉट वीज इथून महाराष्ट्रभर जाते. आपल्याकडच्या दगडी कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच असते. म्हणजे ढोबळमानाने एक युनिट वीज घडवायला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि मागे पाव किलो राख उरते. वीज तारेवरून निघून जाते. राख गावातच राहते.

आमच्या घरात या दोन्हींचं मीठ होतं. बाबांची नोकरी थर्मलमध्ये, आबाजींची शेती कोलार नदीच्या काठी. वह्या-पुस्तकं, कॉलेजची फी, आईचं ऑपरेशन, सगळं बाबांच्या पगारातून झालं. आणि त्याच अंगणात आबाजी वेचलेल्या कापसाची बोंडं बोटांनी पिंजून, फुंकर मारून राखड काढत बसलेले मी पाहिले. व्यापारी कापूस मुठीत घेऊन उजेडात धरायचा. “माल चांगला हाये, पण रंग गेला ना जी,” म्हणायचा आणि भाव पाडायचा. आबाजी बाबांना काही बोलत नसत. बाबाही मान वर करत नसत. जेवायला दोघं शेजारी बसत. माझं सगळं पुढचं शिक्षण त्या दोन ताटांमधल्या जागेत सुरू झालं, असं मला वाटतं.

नागपुरात मेकॅनिकलची इंजिनिअर झाले. बॉयलर, टर्बाइन, धुरातली राख विजेच्या भाराने खेचून घेणारी यंत्रणा, हे सगळं जीव लावून शिकले. आजही त्या यंत्रांबद्दल मला आदर आहे. पण राख हॉपरमध्ये पडली की अभ्यासक्रम संपत असे. तिथून पुढे पाइपातून बंधाऱ्यात, बंधाऱ्यातून वाऱ्यावर आणि वाऱ्यावरून आबाजींच्या कापसावर, हा तिचा प्रवास कुठल्याच पेपरात नव्हता. पर्यावरण अभियांत्रिकी घ्यावी, तर नागपुरातच 1958 पासूनची नीरी, हवा-पाणी मोजण्याची तिची थोर परंपरा. मोजायला मला शिकायचंच होतं. पण रंग गेलेल्या कापसाचा तुटलेला भाव कोणत्या उपकरणाने मोजायचा?

जुलै 2022मध्ये शेजारच्या कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राख शेतांत शिरली, कोलार आणि कन्हानच्या पाण्यात उतरली. राखेचा हा पुढचा प्रवासच शिकायचा, हा माझा विचार त्या पावसात पक्का झाला. पवईच्या आयआयटीतलं ‘सितारा’ होतं. 1985 पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं, विद्यार्थ्यांना गावात राहायला पाठवणारं. आणि देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामान बदल व शाश्वततेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. मी दुसरा निवडला. बाबांनी एकच विचारलं, “शिकून करशीन काय, बेटा?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

वर्गात कोणी कायदा शिकून आलेलं, कोणी कृषी, कोणी अर्थशास्त्र, एक जण वास्तुरचनाकार. ‘आपल्या गावातली एक वस्तू आणा’ असं सांगितल्यावर मी कागदाच्या पुडीत राखड नेली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा चिमूटभर भाग ठेवला आणि किती तरी वेळ डोळा काढवेना. भुकटी कुठेच नव्हती. मोहरीच्या दाण्यांसारखे गोल गोल काचेचे मणी, काही पारदर्शक, काही दुधी, काही आतून पोकळ. भट्टीच्या आचेत वितळलेली माती हवेतच थिजून असे मणी होतात. ज्याला आम्ही जन्मभर झाडत आलो, ते इतकं देखणं होतं.

मग प्रत्येकाने ती पुडी आपल्या बाजूने वाचली. रसायनवाला म्हणाला, सिलिका, अल्युमिना आणि अंशाने आर्सेनिक, पारा. बांधकामवाल्याने सिमेंट आणि विटा पाहिल्या. कायदेवालीने राखेच्या वापराची 1999ची पहिली अधिसूचना काढली, मग 2021च्या अखेरची, जिच्यात सगळी राख वापरलीच पाहिजे आणि न वापरलेल्या दर टनाला 1000 रुपये भरपाई, असं बंधन आहे. अर्थशास्त्रवाल्याने विचारलं, हा खर्च आजवर कोणाच्या खात्यावर पडत आला? त्या दुपारी आमचं एकमत झालं नाही. आम्ही कडाडून भांडलो आणि त्या भांडणातच या शिक्षणाचं मोल मला कळलं. एकाच शास्त्राला सगळं दिसत नाही, हे मान्य करून शेजारच्याचं ऐकायला बसणं ही फार कष्टाची विद्या आहे.

प्रबंधासाठी मी गावातच परतले. ओसरीवर पाण्याच्या माठाचं झाकण पुसत शेजारच्या काकू म्हणाल्या, “लाईट तं पायजेच ना बाई. पण मले सांग, दिवसातून किती डाव झाडू मारू?” या झाडण्याच्या तासांची नोंद कुठल्याही वीजदरात नाही. आणि कंत्राटी कामगारांच्या वस्तीत दुसरा प्रश्न आला, “थर्मल बंद झालं तं आमी कोठी जाव?” जर्मनीने 2020मध्ये कायदा करून उशिरात उशिरा 2038पर्यंत कोळशाची वीज थांबवायचं ठरवलं आणि कोळसापट्ट्यांना सावरायला 40 अब्ज युरोपर्यंत तरतूद केली. इथल्या ठेकेदाराच्या हजेरीवरच्या माणसासाठी तशी शिदोरी आज बांधायला घ्यायला हवी.

1987च्या ब्रुंटलँड अहवालाने पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायला सांगितलं. मला त्यातला ‘आज’ आधी दिसतो. कारण खापरखेड्याचा आज अजून नीट मांडलाच गेलेला नाही. इथले संच एक ना एक दिवस थांबतील. तेव्हा कामगाराचं पोट, राखेखालची जमीन आणि कन्हानचं पाणी हे प्रश्न तीन कचेऱ्यांत वाटून दिले, तर तिन्ही उत्तरं चुकतील. त्यांची मांडणी एकत्रच करावी लागेल, आणि ती करणारी माणसं आतापासून घडवावी लागतील. म्हणून कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळच्या पोरापोरींना मी आवर्जून सांगते: हा अभ्यास घ्या. त्याचा अर्धा भाग तुमचा जगून झाला आहे. उरलेला अर्धा तुमच्या शेजारी बसणाऱ्याला ठाऊक असेल.