रिकामी ओळ

गायकाच्या किंवा वादकाच्या सोबतीने जो वाजवतो, त्याला आपण साथीदार म्हणतो. संसारात, प्रवासात, आजारपणात माणसे एकमेकांना साथ देतात. तीच साथ मैफलीतही असते. इंग्रजीत या वादनाला ‘बॅकिंग’ असे नाव आहे आणि ते आधीच मुद्रित करून ठेवले की त्याचा ‘बॅकिंग ट्रॅक’ होतो. एका शब्दात माणूस शेजारी बसलेला आहे, दुसऱ्यात पाठीमागे उभा आहे. पुष्कळ वर्षे हा फरक मला दोन भाषांच्या सवयींचा वाटत असे. पंचवीसएक वर्षे संगणकावर असे ट्रॅक तयार करून त्यांच्याबरोबर गिटार वाजवल्यानंतर या फरकाचे मूळ कोठे आहे, ते थोडेसे कळू लागले आहे.

गिटार हे स्वयंपूर्ण वाद्य मानतात आणि ते काही अंशी खरेही आहे. जाड तारांवर खर्ज धरता येतो, बारीक तारांवर सुरावट काढता येते. पण एकेका तारेवर आलापी किंवा तान घ्यायला लागावे, की खालची जमीन नाहीशी होते. या अवस्थेचे आपल्या संगीताला नावीन्य नाही. तबल्याचा रियाज करणाऱ्याला लेहरा लागतो. सारंगीवर किंवा पेटीवर कोणीतरी तीच ओळ तासन् तास फिरवीत राहावी, तेव्हा कुठे त्याचे कायदे आणि रेले उलगडतात. तानपुऱ्यामागे बसणारा शिष्य रोज मिळेनासा झाला, तेव्हा १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूला जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवला आणि पाहता पाहता तो घरोघर पोचला. पाश्चात्त्य संगीतातही हीच गरज होती. न्यूयॉर्कमधील ‘म्युझिक मायनस वन’ या कंपनीने १९५० पासून एक वाद्य वगळून मुद्रित केलेल्या तबकड्या काढल्या. १९६७ साली जेमी एबरसोल्ड यांनी जॅझच्या विद्यार्थ्यांसाठी अशाच तबकड्यांची मालिका सुरू केली. त्यांत एका बाजूच्या कर्ण्यातून बास, दुसऱ्यातून पियानो आणि दोन्हींतून ड्रम ऐकू येत. बास शिकणाऱ्याने आपल्या बाजूचे बटण फिरवून तो आवाज बंद करायचा आणि त्या जागी स्वतः बसायचे. या साध्या युक्तीचे मोल मला फार उशिरा उमगले.

१९९६ साली नोकरीच्या निमित्ताने मी मुंबई सोडून भोपाळला आलो. मुंबईत आमचा एक लहानसा वाद्यवृंद होता. दिवसभर आपापल्या कचेऱ्यांत खपून आम्ही शनिवार-रविवारी लग्नाचे स्वागतसमारंभ, गणेशोत्सव, संस्थांची संमेलने वाजवीत असू. भोपाळच्या सरकारी वसाहतीत भजनी मंडळ होते, उत्तम पेटीवादक होते. बास वाजवणारा मात्र मला सापडला नाही. दोन-तीन वर्षे मी एकटाच वाजवीत राहिलो. मग एका परिचिताने ‘बँड-इन-अ-बॉक्स’ नावाची प्रणाली संगणकावर घालून दिली. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरी पीटर गॅनन यांच्या ‘पीजी म्युझिक’ कंपनीने ती १९९० साली बाजारात आणली होती.

तिची रीत विलक्षण सोपी होती. पडद्यावर चौकटी आखलेल्या असत. चार मात्रांचा एक बार, प्रत्येक बारला एक चौकट. ब्लूज वाजवायचे तर बारा चौकटी भरायच्या: पहिल्या चार बारांत ए, पाचव्या बारला डी, पुन्हा ए, नवव्याला ई, असे करीत घरी परतायचे. मग शैली निवडायची, लय ठरवायची आणि बटण दाबायचे. क्षणार्धात बास, ड्रम, पियानो आणि तंतुवाद्ये यांच्या ओळी तयार होत. प्रत्येक खेपेस त्या थोड्या निराळ्या असत, पण चौकट कधी सोडीत नसत. रात्री अकरा वाजता, कानांवर हेडफोन चढवून, शेजाऱ्यांची झोप न मोडता मी चार वादकांसह वाजवू लागलो. त्या दिवसांचा आनंद मी आजही कमी लेखणार नाही.

हा वाद्यवृंद कशाचा बनला आहे, याचे कुतूहल पुढे वाढत गेले. १९८३ पासून वाद्ये आणि संगणक ‘मिडी’ नावाच्या सांकेतिक भाषेत बोलतात. या भाषेत आवाज नसतोच, आज्ञा असतात: कोणता स्वर, कधी सुरू, कधी बंद, किती जोराने. जोराचे माप १ ते १२७. पुढे १९९१ साली १२८ वाद्यांची सर्वमान्य यादी ठरली. तीत नायलॉनच्या तारांच्या गिटारचा क्रमांक पंचविसावा, उभ्या बासचा तेहतिसावा. तयार शैलींचा कंटाळा आल्यावर मी एकेक स्वर स्वतः मांडू लागलो. आमच्या वाद्यवृंदात वीस-पंचवीस वर्षे वाजवलेली गाणी पुन्हा उभी करायची, असा ध्यास घेतला. गिटारची ओळ मला पाठ होती. पण बास काय वाजत होता, हे आठवावे लागले. ज्या आवाजावर मी इतकी वर्षे उभा होतो, तो मांडायला घेतल्यावरच मला ऐकू येऊ लागला.

तो बास वाजवणारे गृहस्थ मूळचे गोव्याचे. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. तारुण्यात त्यांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतही वाजवले होते. १९८०च्या दशकापासून मुंबईच्या स्टुडिओंत सिंथेसायझर आणि त्यामागोमाग संगणक आले, मोठे वाद्यवृंद आटत गेले आणि त्यांची बोलावणी थांबली. त्याविषयी ते कधी कडवटपणे बोलले नाहीत. “यंत्राला टॅक्सीचे भाडे द्यावे लागत नाही, बाबा,” एवढेच एकदा म्हणाले होते. म्हातारपणी ते मडगावजवळच्या आपल्या घरी परतले. २००८ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. पुढच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा लॅपटॉप बरोबर होता. ज्या यंत्राने त्यांचे काम घेतले, त्याच यंत्रावर त्यांचाच बास मांडून त्यांना ऐकवणे उचित की क्रूर, याचा निर्णय माझ्याने गाडीतही झाला नाही. विषय त्यांनीच काढला. “काय आणले आहेस, ते लाव.”

त्यांनी डोळे मिटून ऐकले. उजव्या हाताची बोटे खुर्चीच्या दांडीवर चालत होती. “सूर बरोबर आहेत,” ते म्हणाले, “पण हा फार वक्तशीर. ड्रमच्या अगदी अंगावर जातो. जरा मागे बसव त्याला.” गाण्याची लय मिनिटाला ९६ मात्रांची होती, म्हणजे एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची. मी बासची सारी ओळ वीस मिलिसेकंद मागे सरकवली. मात्रेचा एकतिसावा हिस्सा. गाणे जमिनीवर टेकले. त्यांचा चेहरा उजळला. वीस मिलिसेकंदांना नाव न देता ते आयुष्यभर त्यांत वावरले होते. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “पण उद्या तू थांबलास, तर हा थांबेल?”

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे रंगमंचावर रोज मिळत गेले. निवृत्तीनंतर मी एकट्याने छोटे कार्यक्रम करू लागलो; गिटार, लॅपटॉप आणि दोन स्पीकर. आयोजकांना ते परवडते, श्रोत्यांनाही पुरते. ट्रॅक चोख असतात. पण एखाद्या जागेला दाद मिळाली, तीच जागा पुन्हा घ्यावीशी वाटली, तर मागचे चौघे कधीच पुढे निघून गेलेले असतात. मी त्यांच्या साथीला असतो, ते माझ्या नव्हेत. आणि स्टेजवर जिथे चार खुर्च्या असायच्या तिथे एकच असते, तिच्याकडे पाहताना टॅक्सीच्या भाड्याचे ते वाक्य मला आठवल्यावाचून राहत नाही.

२०१४ साली ते गेले. त्यानंतर पाच वर्षांनी डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तयार ध्वनिमुद्रणातून गळा, ड्रम, बास, पियानो आणि उरलेले सारे असे पाच भाग ती वेगळे काढून देते. माझ्याकडे १९९१ च्या एका कार्यक्रमाची कॅसेट होती. ती संगणकावर उतरवून मी या प्रणालीच्या हवाली केली आणि फक्त बास लावला. त्याच्या कडांना झांजांची किंचित भुरभुर चिकटलेली होती. तरी बोट तेच होते. दुसऱ्या अंतऱ्यात आमच्या गायिकेने एक ओळ लांबवली होती. तिथे बास एकाच स्वरावर थांबतो, तिला मनसोक्त हिंडू देतो, आणि ती परतताच दोन जलद स्वरांनी सगळ्यांना गोळा करून पुढच्या ओळीत नेतो. जवळपास तीस वर्षांनी मला ते थांबणे सुटे ऐकू आले.

साहजिकच मी त्या बासबरोबर वाजवू लागलो. खरा हात, खरे थांबणे. आणखी काय हवे? चार-सहा दिवसांतच ध्यानात आले, की ते थांबतात ते तिच्यासाठी. त्या संध्याकाळी ती गात होती आणि ते ऐकत होते. आज मी काय वाजवतो, हे त्यांना कळण्याची सोय नाही. जन्मभर दुसऱ्याचे ऐकणारा माणूसदेखील मुद्रित झाला की यंत्राइतकाच बहिरा होतो. तेव्हापासून यंत्राविषयीची माझी तक्रार बरीचशी मावळली. ऐकणे हे आवाजात साठवून ठेवता येत नाही. ते त्या त्या वेळी, समोरच्या माणसासाठी करावे लागते.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतली सोळा वर्षांची एक मुलगी नवा बास घेऊन माझ्याकडे आली. तिने पडद्यावरच्या ओळी पाहिल्या आणि विचारले, “आजोबा, यातला बास बंद करता येतो?” मी त्या ओळीचे बटण दाबले. ओळ करडी झाली. बाराच बार, तीनच कॉर्ड. चार बार ती ठीक आली. पाचव्याला डी शोधताना तिचे बोट अडखळले आणि ड्रम, पियानो नेहमीप्रमाणे पुढे निघून गेले. दुसऱ्यांदा तेच झाले, तिसऱ्यांदाही. तिचा चेहरा उतरू लागला, तेव्हा मी ड्रमची ओळ बंद केली, मग पियानोची, मग उरलेल्याही. खोलीत आम्ही दोघेच राहिलो. पुन्हा सुरुवात केली. पाचवा बार जवळ आला, तिची नजर तारांवर गेली, आणि तिचे बोट डीपर्यंत पोचेतो मी एकच कॉर्ड वाजवीत थांबलो.