मर्स्कचे अहवाल वाचताना

२०२२ : महसूल ८१.५ अब्ज डॉलर, नफा २९.३ अब्ज. मर्स्क ही कोपनहेगनची कंटेनर-जहाज कंपनी. डेन्मार्कच्या कुठल्याही कंपनीनं तोवर एका वर्षात एवढं कमावलं नव्हतं.
२०२३ : महसूल ५१ अब्ज, नफा ३.९ अब्ज.
जहाजं बहुतेक तीच, बंदरं तीच. पडलं ते भाडं. कोविडकाळात बंदरं तुंबली, कंटेनर मिळेनासे झाले, तेव्हा दर गगनाला भिडले होते. गर्दी सरली आणि ते कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीनं दहा हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं.

*

२०२४ मध्ये नफा पुन्हा सहा अब्जांवर. येमेनच्या हौथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे तांबडा समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. एकेक फेरी लांबली, तेवढाच माल न्यायला जास्त जहाजं गुंतली, दर चढले. मागणीनंही हात दिला. पण लांबलेल्या फेरीत तेलही जास्त जळतं. नफा आणि धूर दोन्ही वाढवणारा वळसा एकच. अहवालात मात्र ते वेगवेगळ्या प्रकरणांत भेटतात.

*

त्याच वर्षीच्या हंगामात नाशिकची द्राक्षं न्हावा शेव्यातून युरोपला निघाली ती याच वळशानं. रीफर, म्हणजे शीत कंटेनरचं भाडं वाढलं आणि माल जास्त दिवस समुद्रावर राहिला. कोपनहेगनच्या जमेतली एखादी ओळ निफाड-दिंडोरीच्या खर्चात लिहिली जाते.

*

धुरावरचा कंपनीचा उतारा : ‘लॉरा मर्स्क’. मिथेनॉलवर चालू शकणारं जगातलं पहिलं कंटेनर जहाज. सप्टेंबर २०२३ मध्ये कोपनहेगनला नामकरण झालं. वीस फुटी सुमारे २,१०० कंटेनर मावतात, म्हणजे या धंद्यात छोटंच. नाव मर्स्क घराण्याच्या पहिल्या वाफेच्या जहाजाचं, १८८६ सालचं. पुढच्याच वर्षी १६,००० कंटेनरांची थोरली भावंडं सेवेत आली.

*

मिथेनॉलची गोम : किलोमागे ऊर्जा जहाजी तेलाच्या निम्मी. टाकी दुपटीहून मोठी लागते, म्हणजे मालाची जागा जाते. शिवाय आजचं बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतं. जैविक कचऱ्यापासून किंवा हिरव्या हायड्रोजनपासून बनवलेलं थोडं आणि महाग.

*

डिसेंबर २०२४ : २० नव्या जहाजांची मागणी, सगळी द्रवरूप नैसर्गिक वायूवरही चालणारी. मिथेनॉलचा झेंडा घेऊन निघालेल्या कंपनीनं दुसरा घोडाही बांधून ठेवला. व्यापारी शहाणपण म्हणून पटतं. पण या वायूतला काही मिथेन न जळता गळतो आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापवतो. २०४० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं वचन कायम आहे.

*

हरित डिलिव्हरी : ग्राहक जादा पैसे मोजतो, कंपनी तेवढं स्वच्छ इंधन कुठल्यातरी जहाजात जाळते आणि बचत त्या ग्राहकाच्या नावे लिहिते. त्याचा कंटेनर भलत्याच जहाजावर असू शकतो. यात फसवणूक नाही, वातावरणाला जहाजाचं नाव कळत नाही. मात्र हा हिशेब ग्राहकाच्या खुशीवर उभा आहे.

*

खुशीला सक्तीची जोड युरोपनं दिली. २०२४ पासून जहाजांचं उत्सर्जनही कार्बन बाजारात आलं. पहिल्या वर्षाच्या ४० टक्के उत्सर्जनाचे पैसे, पुढं ७०, मग १००. जगभर लागू होणारा दर मात्र अडकला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला तो निर्णय वर्षभर पुढं ढकलला.

*

दुहेरी इंधनाचं जहाज मिथेनॉलवर चालतं आणि साध्या तेलावरही. काय भरायचं ते बंदरात भाव पाहून ठरतं, आणि कार्बनला सगळीकडे किंमत नसेपर्यंत भाव तेलाच्या बाजूनं आहे. म्हणून पुढचा अहवाल हाती आला की हिरव्या जहाजांची संख्या ओलांडून पुढं जायचं. त्यांच्या टाक्यांत वर्षभरात किती टन हिरवं इंधन पडलं, तो आकडा शोधायचा.