लगाम ओढला की ही पळते

लगाम ओढला की घोडा थांबतो, ही माझी समजूत सिनेमांवर पोसलेली. बेबीचा लगाम ओढला की बेबी पळते. ती मूळची शर्यतीची. लगाम ताणला गेला की त्यावर रेलून आणखी जोर करायचा, ही शर्यतीच्या घोड्यांची सवय. पुण्या-मुंबईच्या मैदानांवरून निवृत्त झालेले असे बरेच घोडे पुढं घोडेस्वारीच्या शाळांत येतात आणि मग त्यांच्या पाठीवर माझ्यासारखी बँकेतून निवृत्त झालेली बाई चढते. दोघीही निवृत्त, पेन्शन मात्र एकीलाच.

कागदोपत्री तिला लांबलचक इंग्रजी नाव आहे. ते तिलाही ठाऊक नसावं. तबेल्यात सगळे बेबीच म्हणतात. वजन साडेचारशे किलोच्या आसपास. मी शिकायला का गेले, हे विचारू नका. घरच्यांनी योगासनं सुचवली होती.

सुरुवातीला मला कशाचाच पत्ता लागत नव्हता. चढायचं डावीकडूनच. का, तर पूर्वी स्वाराच्या डाव्या कमरेला तलवार असायची. माझ्या कमरेला पट्टा होता, तोही डॉक्टरांनी दिलेला. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जवळ जायचं. पण बोलायचं काय? "काहीबी बोला, ताई," तबेल्यातले मामा म्हणाले, "भाजीचा भाव सांगा." मग मी खरारा करता करता तिला मेथी-कोथिंबिरीचे भाव सांगू लागले. तिचा एक कान माझ्याकडे वळायचा, दुसरा फाटकाकडे. निम्मं लक्ष का होईना, मिळत होतं.

चालीपर्यंत निभावलं. दुडकीनं मात्र घाम फोडला. दुडकीत पाय तिरप्या जोडीनं पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग उरलेले दोन. त्या ठेक्यावर स्वारानं खोगिरात उठ-बस करायची. गोल फिरताना बाहेरच्या बाजूचा खांदा पुढं गेला की उठायचं, मागं आला की बसायचं. खांदा बघायला गेले की ठेका चुके, ठेका धरायला गेले की रिकिबीतून पाय सुटे. मैदानाच्या मधून सर ओरडत, "मॅडम, खाली बघू नका, खाली जमीनच आहे!"

आणि थांबवायचं कसं, तर म्हणे श्वास सोडायचा. मला ती थट्टाच वाटली. सर म्हणाले, ओढू नका. बैठक जड करा, श्वास पूर्ण सोडा, मग नुसती बोटं मिटा. तसं केलं आणि बेबी थांबली. खात्री पटेना म्हणून पुन्हा केलं, पुन्हा थांबली. उलट मी घाबरून श्वास कोंडला की तिची मान वर, कान ताठ. मला कशाची भीती वाटली, ते ती आजूबाजूला शोधू लागायची. उभा जन्म मी काउंटरमागं चेहरा कोरा ठेवण्यात घालवलेला. इथं चेहरा कुणी बघतच नव्हतं.

सरांनी तेव्हा लिस हार्टेलची गोष्ट सांगितली. ही डेन्मार्कची. 1944 साली दिवस गेलेले असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. ज्युबिली नावाच्या घोडीवर तिला धरून बसवावं लागे. टाचेनं इशारा देणं शक्यच नव्हतं. पाठीचा कणा आणि वजनाचा तोल, एवढ्यावर दोघींचं चाले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच उतरता आलं. हार्टेलनं पुरुषांच्या बरोबरीनं खेळून रौप्यपदक मिळवलं, चार वर्षांनी पुन्हा मिळवलं. ही गोष्ट सांगणारे तिच्या जिद्दीचं कौतुक करतात आणि ते रास्तच आहे. मला नवल वाटतं ते ज्युबिलीचं. पायांचे इशारे येत नाहीत, तरी या बाईला काय हवंय ते समजून घ्यायचं त्या घोडीला काय अडलं होतं?

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी बेबी चंदीला तोंड लावेना. पुढच्या खुरानं जमीन उकरत होती, वळून वळून स्वतःच्या कुशीकडं बघत होती. मामांनी तिच्या पोटाला कान लावला. "आतडं गप हाय," म्हणाले. पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळं पोटात काही अडलं की जिवावर बेतू शकतं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली. लोळू देऊ नका, हळूहळू चालवा, असं बजावून गेले. मग मामा आणि मी आळीपाळीनं दोर धरून तिला फिरवत राहिलो. खोगीर नाही, लगाम नाही, शिकलेलं काहीच उपयोगाचं नाही. फिरता फिरता एकदा तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. याला प्रेम म्हणायचा मोह मी आवरते, कारण कळ आल्यावर तिनं मामांच्या खांद्यावरही टाकलं असतं. पण घोड्याचं डोकं इतकं जड असतं, याची मला कल्पना नव्हती.

मध्यरात्र उलटून गेल्यावर तिनं शेपटी उचलली आणि लीद टाकली. "सुटली!" मामा ओरडले. टॉर्चच्या उजेडात आम्ही दोघं त्या वाफाळत्या ढिगाकडं बघत उभे होतो आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. नातवानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही मी एवढी हरखले नव्हते. हे सुनेच्या कानावर जाऊ देऊ नका.

पुढच्या खेपेला गेले, तर बाईसाहेबांनी मला हुंगलं, हातातलं गाजर काढून घेतलं आणि पाठ फिरवली. बहीण विचारते, ती ओळखते का गं तुला? रिक्षा फाटकाशी थांबली की तिचे कान वळतात, असं मामा सांगतात. पण मामांना माझं मन राखायची सवय आहे, आणि गाजरंही त्याच रिक्षानं येतात.

परवा नालबंद येणार आहे. मागचा पाय मी उचलून धरायचा, असं मामांनी मला न विचारताच ठरवून टाकलंय.